हेटॉर : दगडी रुळांची टेकडी

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डार्टमूरचं उघडं, वाऱ्यानं झोडपलेलं माळरान आहे. तिथे ४५७ मीटर उंचीची हेटॉर टेकडी आहे. सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी जमिनीखालीच शिलारस सावकाश थिजला आणि त्याचा ग्रॅनाइट झाला. वरचे थर झिजले, तसे हे कातळ उघडे पडले. जवळच्या खाणींतला दगड नेण्यासाठी १८२० मध्ये चक्क ग्रॅनाइटचेच रूळ अंथरले गेले. भरलेल्या गाड्या उतारानं खाली जात, रिकाम्या गाड्या घोडे ओढून वर आणत. १८३१ मध्ये खुल्या झालेल्या लंडन ब्रिजसाठी इथला दगड वापरला गेला. ते दगडी रूळ आजही गवतात दिसतात. माणसाच्या कष्टांची ही खूण जपायलाच हवी.