पाकिटावरून संगणकाची ओळख



आपल्या बचत गटांचे हिशेब, कर्जाचे हप्ते, बँकेची कामं आता संगणकावर होतात. “आपली माहिती तर कुलूप लावून जाते, मग बाहेरच्याला काय कळणार?” असं बऱ्याच ताई विचारतात. आतला मजकूर सहसा कळत नाही, हे खरं. पण आपला संगणक विंडोजवर चालतो की लिनक्सवर, याचा अंदाज बाहेरूनही बांधता येतो. कसा, ते आज पाहू.

इंटरनेटवर काहीही पाठवलं की त्याची छोटी छोटी पाकिटं होतात. मजकूर आत बंद असला, तरी पत्ता वर उघडाच लागतो. नाहीतर पाकीट पोचणार कसं? त्या पत्त्यासोबत टीटीएल नावाचा एक आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. आकडा शून्य झाला की पाकीट टाकून देतात, म्हणजे वाट चुकलेलं पाकीट कायम भटकत राहत नाही.

सहसा विंडोजचा आकडा १२८ पासून सुरू होतो. लिनक्स, अँड्रॉइड आणि ॲपलचा ६४ पासून. पाकीट ११७ आकडा घेऊन पोचलं, तर ते बहुधा ११ राउटर ओलांडून आलेलं विंडोजचं. ५३ असेल, तर ६४ वाल्यांपैकी कोणाचं तरी. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, तशीच ही!

हा आकडा बदलता येतो, म्हणून जाणकार इतर खुणाही पडताळतात. संगणक एका वेळी किती माहिती घ्यायला तयार आहे, पहिल्या पाकिटातल्या सूचनांचा क्रम काय आहे, वगैरे. ‘एनमॅप’ नावाचं साधन १९९८ पासून अशी ओळख पटवतं. सुरक्षा तपासणारे ते वापरतात, आणि चोरही.

कुलूप कोणत्या बनावटीचं आहे हे कळलं, की चोर त्याचीच किल्ली शोधतो. जुन्या प्रणालीतल्या फटी तर जगजाहीर असतात. विंडोज ७ ची नेहमीची दुरुस्ती १४ जानेवारी २०२० ला थांबली, विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला.

पाकिटावरच्या खुणा आपण लपवत बसायचं नाही, फटी बुजवायच्या. गटाच्या संगणकावर कोणतं विंडोज आहे ते बघा. अपडेट आणि फायरवॉल बंद करू नका. प्रणाली जुनी असेल, तर बदलण्याचा खर्च पुढच्या बैठकीत मांडा. त्या संगणकात आपल्या बायांच्या घामाचा पैसा नोंदलेला आहे.