छताखालची कंगणी

अहिल्यानगर शहराच्या आग्नेय दिशेस फराह बाग नावाचा अष्टकोनी महाल आहे. मुर्तझा निजामशहाच्या कारकीर्दीत, १५८३ साली, सलाबतखानाने तो पुरा करविला. ओबडधोबड दगड व चुना यांच्या त्या भिंतींवर चुन्याचाच गुळगुळीत गिलावा चढविलेला होता. भिंत, घुमट व गिलावा ही सारी एकाच जातीची असल्यामुळे उन्हाने फुगली काय किंवा थंडीने आखडली काय, बरोबरीनेच हालतात. भिंत व छत जेथे मिळतात तेथे शोभेची कंगणी बसवू इच्छिणाऱ्या गृहस्थाने प्रथम ध्यानी घ्यावयाची गोष्ट हीच होय.

कारण त्याच्या घरी असे एकजिनसी काम क्वचितच असते. जुन्या वाड्यातून भिंत मातीची वा भाजक्या विटांची, तर छत लाकडी तुळया व तक्तपोशी यांचे. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आखडते. भिंत त्याच्या संगतीने हालत नाही. अशा सांध्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसची कंगणी दोहींकडे घट्ट जखडली, की लवकरच तीस तडा जावयाचा. मग एखादा तुकडा सुटतो आणि तो कोणाच्या डोक्यावर येईल याचा नेम नसतो. पाळणा बहुधा त्याच कोपऱ्यात टांगलेला! यास्तव लाकडी छताखाली कंगणी केवळ भिंतीसच धरावी व छताशी केसभर फट राखावी. मातीच्या भिंतीत नुसता खिळा टिकत नाही. आधी भिंतीत लाकडी ठोकळे पक्के बसवून त्यांतच स्क्रू पिळावे.

जुन्या खोलीचे कोपरे काटकोनात असतात, हा एक गोड भ्रम आहे. गुण्या लावून पाहावा. कोपरा ९३ अंशांचा निघाला तर प्रत्येक तुकड्याचा काप साडेशेहेचाळीस अंशांचा घ्यावा, ४५ चा नव्हे. कंगणी सपाट निजवून कापणे हा तर फसण्याचा राजमार्ग. भिंतीवर ती ज्या कलाने बसावयाची त्याच कलाने, परंतु उलटी, म्हणजे छताकडील कड खाली टेकवून, करवतीखाली धरावी. आणि पहिला हात टाकाऊ तुकड्यावर चालवावा.

आता पदार्थाविषयी. जिप्सम नावाचा खनिज दगड सुमारे १५० अंश सेल्सिअसला भाजला की प्लास्टर ऑफ पॅरिसची पूड मिळते. पाणी घालताच ती काही मिनिटांत घट्ट होते व घट्ट होताना किंचित फुगते. म्हणूनच साच्यातील बारीकशी रेघही तीत उमटते. ओल मात्र तिची वैरीण. नगर शहरी वर्षाकाठी पाऊस सुमारे ५०० ते ६०० मिलीमीटर, तेव्हा तेथे ही कंगणी सुखाने नांदते. परंतु त्याच जिल्ह्यात अकोले तालुक्यातील घाटघरास पाऊस हजारो मिलीमीटरांनी मोजतात. तिकडे चुन्याचे वा लाकडाचे काम बरे.

नगरातही छत गळत असेल तर त्या डागावर कंगणी चढविण्याचा मोह अनेकांस होतो. तसे करू नये. आधी गच्ची दुरुस्त करावी, एक पावसाळा कोरडा गेलेला पाहावा, आणि मगच गवंड्यास बोलवावे.