जाड ऑइल म्हणजे भारी ऑइल? मी केलेली एक महागडी चूक

आजचा भाग गाडीवाल्यांसाठी आहे. पण बाइकवाल्यांनो, तुम्हीही थांबा, शेवटी तुमच्यासाठी एक गोष्ट ठेवली आहे.

दोन वर्षांपूर्वी मी सेकंड हँड स्कोडा ऑक्टेव्हिया व्हीआरएस घेतली. दिसायला घरगुती गाडी. डिकीत आईच्या भाजीच्या पिशव्या आरामात बसतात. पण बॉनेटखाली २ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आणि २३० पीएस ताकद. पाच वर्षं पैसे साठवले, वर लोन काढलं, तेव्हा कुठे ती दारात आली. त्यामुळे तिला सगळं "बेस्ट" द्यायचं असं मी ठरवूनच टाकलं होतं.

आणि तिथेच गडबड झाली.

पहिल्या सर्व्हिसला एका गॅरेजमध्ये गेलो. तिथले दादा म्हणाले, "साहेब, ही गरम गाडी आहे. हिला साधं ऑइल चालत नाही. १०डब्ल्यू-६० टाका, रेसिंगचं." मी बीटेक झालेला माणूस, रोज कोड लिहितो, पण "रेसिंग" शब्द ऐकला आणि विरघळलो. दुप्पट पैसे मोजले, वर खूशही झालो.

दुसऱ्या दिवशीपासून सकाळी गाडी चालू केली की दोन-तीन सेकंद खडखड यायची. मायलेजही थोडं घसरलं. मी स्वतःला समजावत होतो, पॉवरफुल गाडी आहे, असणारच. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. एका सकाळी चहाचा कप घेऊन ते बाल्कनीत उभे होते. आवाज ऐकून खाली आले आणि एकच प्रश्न विचारला, "गाडीचं पुस्तक वाचलंस का?"

नव्हतं वाचलं. डॅशबोर्डच्या कप्प्यात ते प्लॅस्टिकमध्ये तसंच होतं.

आता आधी हे आकडे समजून घेऊ, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. ५डब्ल्यू-४० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा सांगतो की थंडीत ऑइल किती सहज हलतं. ५डब्ल्यूची चाचणी उणे ३० अंशांना होते, १०डब्ल्यूची उणे २५ ला. दुसरा आकडा सांगतो की १०० अंशांना, म्हणजे इंजिन नीट तापल्यावर, ऑइल किती घट्ट राहतं. ३० पेक्षा ४० घट्ट, ४० पेक्षा ६० घट्ट.

तुम्ही म्हणाल, पुण्यात कुठे उणे ३०? बरोबर. पण गंमत अशी की गार इंजिनात प्रत्येक ऑइल जाडच असतं. ५डब्ल्यू-४० घ्या. ४० अंशांना ते १०० अंशांच्या मानाने साधारण सहापट घट्ट असतं. आणि त्याच ४० अंशांना १०डब्ल्यू-६० हे ५डब्ल्यू-४० च्या जवळपास दुप्पट घट्ट. म्हणजे सकाळी इंजिन चालू होताना पंपाला मधासारखं काहीतरी ढकलायचं असतं. तिकडे टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारू शकतो, आणि तो तरंगतो कशावर? ऑइलच्या पातळ थरावर. ते ऑइल उशिरा पोचलं, तर झीज तेवढ्या वेळातच होते.

मग १०डब्ल्यू-६० वाईट आहे का? अजिबात नाही! बीएमडब्ल्यूची जुनी ई४६ एम३ घ्या. तिचं इंजिन ८,००० आरपीएमपर्यंत जातं आणि कंपनीने तिला १०डब्ल्यू-६० च सांगितलं. आता होंडा एस२००० बघा. ती ९,००० पर्यंत जाते, आणि तिच्या मॅन्युअलमध्ये १०डब्ल्यू-३०. टोयोटा जीआर८६ तर ०डब्ल्यू-२० वर चालते. तिन्ही अस्सल स्पोर्ट्स कार. तीन वेगळी ऑइलं!

कारण ऑइल "गाडी किती गरम" यावर ठरत नाही. बेअरिंगमध्ये फट किती ठेवली आहे, पंप केवढा आहे, ऑइल थंड करायची सोय काय आहे, यावर ठरतं. ती फट केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते. इंजिनिअरने ती एका ठराविक ऑइलसाठी मोजून ठेवलेली असते. आपल्या भाषेत सांगतो. प्रोजेक्टमध्ये लायब्ररीचं व्हर्जन पिन केलेलं असतं ना? तिथे कोणी "मोठा आकडा म्हणजे चांगलं" म्हणून भलतंच व्हर्जन टाकलं तर आपण त्याला काय म्हणू? मी माझ्या इंजिनासोबत तेच केलं होतं.

माझ्या मॅन्युअलमध्ये काय निघालं? व्हीडब्ल्यू ५०२ ००. हे मान्यतेचं नाव आहे, कंपनी त्या ऑइलची स्वतःच्या निकषांवर परीक्षा घेते. त्यात बसणारं ५डब्ल्यू-४० घेतलं, आधीच्यापेक्षा स्वस्त. जेमतेम ९०० किलोमीटर चाललेलं रेसिंग ऑइल काढून टाकलं. सकाळची खडखड थांबली. इंजिनाची किती झीज झाली, ते उघडल्याशिवाय कळणार नाही. ते ओझं माझ्याकडेच राहिलं.

तर खरेदी करताना मी आता काय बघतो ते सांगतो.

पहिलं, मॅन्युअलमधली मान्यता, आणि त्याच मान्यतेत बसणारा ग्रेड. ब्रँड त्यानंतर.

दुसरं, कॅनची मागची बाजू. "अप्रूव्ह्ड" लिहिलंय की नुसतं "सूटेबल फॉर"? पहिल्यात गाडीच्या कंपनीने मान्यता दिलेली असते, दुसऱ्यात ऑइलवाला स्वतःच सांगतोय की चालेल.

तिसरं, छोटं टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिन असेल आणि मॅन्युअलमध्ये एपीआयचा दर्जा दिला असेल, तर २०२० मध्ये आलेला एपीआय एसपी बघा. कमी आरपीएमवर जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की कधीकधी पेट्रोल वेळेआधीच पेटतं आणि पिस्टनला दणका बसतो. ते रोखण्याची चाचणी या दर्जात आहे.

चौथं, सील आणि बिल. बाजारात नकली ऑइल असतं. कॅन माझ्यासमोर उघडायला सांगतो, आणि रिकामा कॅन भोक पाडून टाकतो, म्हणजे कोणी परत भरून विकणार नाही.

आणि पाचवं, जे फुकट आहे. डिपस्टिक. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन गरम असताना बंद करा, पाच मिनिटं थांबा, काडी पुसून परत घालून बघा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. कमी वाईट, तसं जास्तही वाईट, कारण जास्त ऑइल घुसळून फेस होतो. शिवाय पाण्याचा काटा नव्वदवर आला म्हणजे ऑइल तापलं असं नाही, त्याला जास्त वेळ लागतो. तोवर गाडी पिळू नका.

बाइकवाल्यांनो, तुमची गोष्ट. बहुतेक गिअरच्या बाइकमध्ये क्लच त्याच इंजिन ऑइलमध्ये भिजलेला असतो. कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे घटक असू शकतात, त्याने क्लच घसरतो. कॅनवर जासो एमए किंवा एमए२ बघूनच घ्या.

परवा पुढची सर्व्हिस झाली. गॅरेज बदललंय, पण तिथल्या मेकॅनिकनेही विचारलं, "सर, थोडं जाड टाकू का?" मी काही बोलायच्या आत शेजारी उभे असलेले बाबा म्हणाले, "पुस्तकात आहे तेच टाका."

तुमच्या गाडीचं पुस्तक कुठे आहे? आज रात्री काढा, ऑइलचं पान उघडा आणि फोटो काढून फोनमध्ये ठेवा. गॅरेजमध्ये "काय टाकू?" असं विचारलं की तो फोटो दाखवा. चला, भेटू पुढच्या भागात. नीट चालवा!