आईपणाचे लिखाण : हौस की श्रम?

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



'आईला कसले पैसे?' हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १९७२ साली इटलीत 'घरकामाला वेतन द्या' ही चळवळ उभी राहिली, तेव्हाही तो विचारला गेलाच. आज त्याच्या एका नव्या रूपाबद्दल बोलायचे आहे. बाळंतपण, अंगावरचे दूध, रात्रीची जागरणे, मुलांचे खाणेपिणे यांविषयी फोनवरून लिहिणाऱ्या, व्हिडिओ करणाऱ्या आया आता आपल्या वस्त्यांतही आहेत. इतर बायका ते वाचतात, त्यावर विश्वास ठेवतात. कंपन्यांना हवा आहे तो हा विश्वास, आणि शक्यतो फुकट.

आमच्या गटातल्या एका आईकडे डायपरचे खोके घरपोच आले. सोबत सूचना : दोन व्हिडिओ करा, बाळ दिसले पाहिजे, चार ओळी लिहा, आधी आम्हाला दाखवा. आम्ही दोघींनी बसून हिशेब मांडला. खोली आवरणे, बाळ हसरे असेल ती वेळ साधणे, टीव्ही बंद ठेवायला घरच्यांची मनधरणी (हेही कामच!), चित्रण, काटछाट, मग बायकांच्या शंकांना उत्तरे. तीन दिवसांत मिळून ११ तास. खोक्याची किंमत ६०० रुपये. म्हणजे तासाला ५५ रुपयेही नाहीत, आणि तेही डायपरच्या रूपात. डायपर देऊन वाण्याची उधारी फिटत नाही.

नवरा म्हणाला, "हौसेनं करतेस ना?" हौस, सेवा, माया... बाईच्या कामाला पगार सोडून सगळी नावे आहेत. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हापासून अंगणवाडीच्या बाई 'मानधना'वर राबत आल्या. त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला तो एप्रिल २०२२ मध्ये.

गंमत म्हणजे, असे खोके ही कमाई आहे हे प्राप्तिकर खात्याला आपल्या आधी कळले. जुलै २०२२ पासून नियम आला : धंद्याच्या संबंधातून कोणाला वर्षभरात २० हजारांहून जास्त किमतीच्या वस्तू वा सवलती दिल्या, तर देणाऱ्याने १० टक्के कर भरायचा. वस्तू वापरून परत केली तर तो लाभ नाही, ठेवून घेतली तर लाभ, असा खुलासाही खात्याने केला. कर लावताना जी कमाई, ती देताना भेट कशी?

तेव्हा मोबदला मिळालाच पाहिजे. रोख, आधी ठरवून, लेखी. पण तो श्रमाचा आणि वेळेचा; मताचा नव्हे. 'पैसे घेतले की आई विकली गेली' असे आपल्यातल्याच काही जणी म्हणतात. मग फुकट खोके घेऊन गोडवे गाणारी विकली जात नाही काय? पैसे किंवा वस्तू घेतली असेल तर ती प्रेक्षकांना स्पष्ट सांगा, असे केंद्र सरकारच्या जानेवारी २०२३ च्या सूचना म्हणतात. तसे सांगावे, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

एका ठिकाणी मात्र पैसेही नकोत आणि खोकेही नको. दूध पावडर, दुधाची बाटली आणि दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचा डबाबंद आहार यांच्या जाहिरातीला १९९२ च्या कायद्याने आणि त्यातल्या २००३ च्या दुरुस्तीने बंदी आहे. जाहिरातीत भाग घेणेही त्यात येते. 'मी तर फक्त माझा अनुभव सांगितला' ही पळवाट झाली. कंपनीने मोबदला देऊन सांगायला लावलेला अनुभव म्हणजे जाहिरातच. पुरवून पुरवून, पाणी घालून पाजलेल्या पावडरचे परिणाम तुम्ही वस्तीत पाहिले आहेत, मी वेगळे सांगायला नको.

त्या आईने खोके परत पाठवून कंपनीला आपला दर कळवला आहे. पंधरा दिवस झाले, उत्तर नाही. दरम्यान गटात एकीने विचारले, "बाळाच्या चेहऱ्याचे पैसे कोणाचे? आणि त्याला विचारले कोणी?" यावर आमच्यात एकमत नाही. पुढच्या बैठकीत हाच विषय ठेवला आहे. तुमच्या गटांत याची चर्चा झाली असेल तर जरूर लिहून पाठवा.