डोलणारी ट्रॉली

आमच्या बचत गटाने जुनी दोनचाकी ट्रॉली घेतली. रिकामी असली की गुमान चालायची. कांद्याच्या गोण्या भरल्या की रस्त्यावर डोलायची. "जुनी आहे, डोलणारच," असं सगळे म्हणाले. पण डोलण्यालाही कारण असतं.

पहिलं कारण आमच्या भरण्यातच होतं. फाळका मागे उघडतो, म्हणून गोण्या मागेच रचायचो. वजन चाकांच्या मागे गेलं की पुढचा दांडा वर उचलला जातो आणि ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात. आता भार चाकांच्या थोडा पुढे आणि दोन्ही बाजूंना सारखा ठेवतो.

मग रिकामी ट्रॉली सपाट जागी उभी केली, चाकांना दगड लावले. एका टायरात हवा कमी होती. दोन्हींत सारखी भरली. हूकची पिन झिजली होती, ती बदलली. एकेक चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवलं. एक खडखडलं, म्हणजे बेअरिंग सैल. ते फिटरकडून करून घेतलं. जॅकवरच्या ट्रॉलीखाली मात्र कुणी शिरायचं नाही.

चालताना ट्रॉली डोललीच, तर एकदम ब्रेक मारू नये. स्टिअरिंग सरळ धरून वेग हळूहळू कमी करावा. उतारावर गाडी न्यूट्रल करू नये.

आणि बायांनो, मजुरीला जाताना ट्रॉलीत आपणच बसतो ना? ट्रॉली मालासाठी असते. आमची आता डोलत नाही, तरी आम्ही तिच्यात बसत नाही. तुम्हीही बसू नका.