अंगारा कपाळाला, पण पाय दवाखान्याकडे



मी श्रीवर्धनची. सोमजाईला नारळ दिल्याशिवाय आमच्या घरात शुभकार्य होत नाही. तरी आज बोलणार आहे ते विंचवाच्या मंत्राबद्दल.

माझ्या आत्याला पेंढा काढताना लाल विंचू चावला. घरच्यांनी मांत्रिक बोलावला. तासाभरात कळ कमी झाली. आत्या म्हणाली, "उतरलं गो." सगळे निर्धास्त झोपलो. तिला दरदरून घाम येत होता, हातपाय गार पडले होते, ते कुणी मनावर घेतलं नाही. पहाटे धाप लागली. दवाखान्यात पोचेपर्यंत आत्या गेली.

मंत्राने काहीच झालं नाही का? झालं. विश्वासाच्या माणसाने धीर दिला की भीती ओसरते, दुखणं सोसवतं. पण विष भीतीत नसतं, रक्तात असतं. लाल विंचवाचं विष हृदयावर जातं. कळ बेताची आणि घाम, उलट्या, गार हातपाय, हीच धोक्याची खूण.

हे ओळखलं आपल्याच जिल्ह्यातल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी. १९७६ साली ते महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात आले. विंचवाने माणसं मरताना पाहून रात्र रात्र रोग्यांच्या उशाशी बसले, एकेक लक्षण लिहून ठेवलं. पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी त्यांनी या रोग्यांना दिली आणि मरणारे वाचू लागले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

तुम्ही म्हणाल, मंत्रानेही कितीजणी बऱ्या झाल्या! खरंय. पण बहुतेक साप बिनविषारी असतात आणि प्रत्येक विंचवाचा दंश जीवघेणा नसतो. त्या तशाही बऱ्या झाल्या असत्या. शिवाय जी वाचली ती नारळ फोडायला येते. जी गेली ती सांगायला येत नाही.

२०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने देवपूजा बंद केलेली नाही. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं मात्र गुन्हा आहे.

म्हणून बचत गटात एवढं ठरवा. चावलं की आधी १०८ ला फोन. गाडी येईपर्यंत अंगारा लावा, देवीचं नाव घ्या, रोग्याला धीर द्या. पण गाडी आली की कुणासाठी थांबू नका. देवी काही रागवायची नाही.

आत्याच्या वेळी हे मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला आता ठाऊक आहे.