गर्भपात : कायदा आणि लोकलज्जा

विधवांना गुप्तपणे व निर्भयपणे बाळंत होता यावे म्हणून जोतीराव फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. कायद्याने १८५६ मध्येच पुनर्विवाहास मुभा दिली होती. समाजाने मात्र ती दिली नव्हती, आणि विधवेस दिवस गेले की सारा दोष तिच्याच माथी येई.

पुढे कायदा अधिक उदार झाला. १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. पतीच्या संमतीची अट नाही. २०२१ च्या दुरुस्तीने, संततिनियमनाचे साधन निकामी ठरल्यास, अविवाहितेसही हा मार्ग मोकळा झाला. तथापि २०१५ मध्ये देशात झालेल्या अंदाजे १ कोटी ५६ लाख गर्भपातांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णालयाबाहेर, गोळ्या घेऊन झाले. कित्येकींना त्यात सोय वाटली असेल. पण जेथे डॉक्टर दूर आणि लोकलज्जा उंबऱ्याशी, तेथे निवड उरतेच कोठे?

गर्भ राहू नये याची चिंताही बहुधा स्त्रीनेच वाहावयाची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्री-नसबंदीवर, तर अवघ्या ०.३ टक्के पतीच्या नसबंदीवर विसंबून होत्या. फुल्यांपुढे प्रश्न होता विधवेचा. आज तो बहुतांशी संसारी स्त्रीचा आहे. भार वाहणारी मात्र तीच, आणि एकटीच.